पट्टा मुलाच्या मापाचा हवा

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवण्याची घरोघरी जुनी रीत आहे. आज ढगळ वाटणारा सदरा पुढच्या वर्षी नेमका बसतो. त्यात काटकसर असते आणि शहाणपणही. मोटारीतील सीटबेल्टला मात्र हा न्याय लावता येत नाही. अपघात मूल मोठे होण्याची वाट पाहत नाही.

आज मोटारींत सर्वत्र दिसणारा, तीन ठिकाणी अडकवलेला पट्टा स्वीडनच्या व्होल्वो कंपनीतील अभियंता निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तयार केला. हा पट्टा धक्क्याचा भार शरीरातील दणकट हाडांवर वाटून देतो. त्याचा खालचा भाग कमरेच्या हाडांवर आणि वरचा भाग छाती व खांद्यावर टेकतो. परंतु मोटारीतील बैठक आणि पट्टा, दोन्हींची मापे प्रौढ माणसाची असतात. सहा-सात वर्षांचे मूल पाठ टेकून बसले, तर त्याचे गुडघे बैठकीच्या कडेपर्यंत पोहोचत नाहीत. पाय वाकवता यावेत म्हणून ते पुढे घसरते. मग खालचा पट्टा पोटावर चढतो आणि वरचा गळ्याला घासू लागतो. तो त्रास टाळण्यासाठी मूल पट्टा काखेखालून घेते किंवा पाठीमागे टाकते. अशा वेळी गाडी आदळली, तर पट्टा हाडांऐवजी मऊ पोटात रुततो. त्यामुळे आतडी आणि पाठीचा कणा यांना गंभीर इजा होऊ शकते.

हा दोष बूस्टर सीट दूर करते. ही मुलाला उंच बसवणारी एक साधी बैठक असते. मूल वर उचलले गेले, की तोच पट्टा योग्य हाडांवर येतो. मात्र तिच्यासाठी तीन ठिकाणी अडकणारा पट्टाच लागतो. नुसता कमरेचा पट्टा पुरत नाही. त्याहून लहान मुलांसाठी स्वतःचे पट्टे असलेले वेगळे आसन आवश्यक असते.

भारतात २०१९ च्या सुधारणेने मोटार वाहन कायद्यात यासंबंधी स्वतंत्र कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला सीटबेल्ट किंवा बालसुरक्षा आसन यांपैकी एकानेही सुरक्षित केले नसेल, तर एक हजार रुपये दंडाची त्यात तरतूद आहे. हे पाऊल स्वागतार्हच आहे. परंतु त्यातील 'किंवा' हा शब्द अपुरा पडतो. सहा वर्षांच्या मुलाच्या पोटावरून प्रौढांचा पट्टा बांधला, तरी कायद्याचे समाधान होते. मुलाचे रक्षण होतेच असे नाही. ब्रिटनमध्ये मूल बारा वर्षांचे किंवा १३५ सेंटिमीटर उंचीचे होईपर्यंत, यांपैकी जे आधी घडेल तोवर, बालसुरक्षा आसन सामान्यतः बंधनकारक आहे. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञ साधारण १४५ सेंटिमीटर उंचीपर्यंत बूस्टरचा सल्ला देतात. भारतीय नियमांनीही वयाबरोबर उंचीचा विचार करावयास हवा.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच निराधार नाही. भाड्याच्या गाडीने क्वचित प्रवास करणाऱ्या कुटुंबाने बूस्टर विकत घ्यावी, ही अपेक्षा अवाजवी ठरेल. म्हणूनच टॅक्सी आणि शाळेच्या गाड्या चालवणाऱ्यांनी ही सोय पुरवणे न्याय्य होईल. ज्यांनी लाखो रुपयांची मोटार घेतली आहे, त्यांना मात्र ही सबब शोभत नाही.

'मूल मांडीवर आहे, मग भीती कसली?' हा समज तर सर्वांत घातक आहे. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकाएकी आदळते, तेव्हा मुलाच्या शरीराचा वेग सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे जवळपास तीन मजल्यांवरून, पडणाऱ्या शरीराइतका असतो. तेवढा आघात कोणत्याही माउलीचे हात पेलू शकत नाहीत.

गाडी सुरू करण्यापूर्वी क्षणभर पाहावे. मूल मागच्या बैठकीवर आहे ना? पाठ टेकून गुडघे कडेवर वाकतात का? पट्टा खांद्याच्या मधून आणि मांड्यांच्या वरच्या टोकाशी जातो का? आणि सारा प्रवास मूल तसेच बसू शकेल का? यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर त्या मुलाला अजून बूस्टरची गरज आहे. पट्टा नुसता बांधणे ही दंड टाळण्याची खबरदारी झाली. तो मुलाला नीट बसतो की नाही हे पाहणे, ही पालकाची आणि चालकाची खरी जबाबदारी आहे.