रुवीची बातमी बौशरमार्गे

टॅग लावल्याशिवाय परका रूट घेऊ नका, या गेल्या आठवड्याच्या लेखावर काही अभियंत्यांचं उत्तर आलं: दोन राउटिंग प्रोटोकॉल जोडायला ‘रीडिस्ट्रिब्यूट’ची एक ओळ पुरते, बाकी सगळं पुस्तकी सोवळं. ओळ पुरते हे कबूल. आग लावायला काडीही एकच पुरते.

या मंडळींनी मस्कतजवळच्या वादी अदाईचा नकाशा समोर घ्यावा. अमरातहून मस्कत शहरात यायला दोन ठळक वाटा: एक वादी अदाईच्या खिंडीतून, दुसरी डोंगर ओलांडून बौशरला. दोन्ही तोंडांवर एकेक चौकी आहे आणि इकडची बातमी तिकडे पोचवणं एवढंच तिचं काम, असं धरू. शहर जुन्या आरआयपी प्रोटोकॉलमध्ये बोलतं, अमरात ओएसपीएफमध्ये. ‘रुवीला रस्ता आहे’ ही शहराची बातमी वादी अदाईची चौकी अमरातला देते आणि अमरातमधून ती बौशरच्या चौकीवर येते. बौशरला हीच बातमी शहराकडूनही मिळालेली असते. पण सिस्कोच्या राउटरवर भरवशाचा आकडा आरआयपीला १२०, ओएसपीएफला ११०, आणि लहान आकडा जिंकतो. (ईआयजीआरपी या तिसऱ्या प्रोटोकॉलमध्ये बाहेरून आलेल्या बातमीला मुळातच १७० दिलाय. हे शहाणपण ओएसपीएफच्या वाट्याला का आलं नाही, देव जाणे.) मग बौशरची चौकी रुवीची गाडी डोंगरावर चढवते, अमरातला उतरवते आणि खिंडीतून पुन्हा शहरात आणते. इथवर फक्त पेट्रोल जळतं. आता रुवीतलाच रस्ता पाण्याखाली गेला. मूळ बातमी मेली, पण बौशरने ती आपली म्हणून शहराला परत सांगितलेली असते. वादी अदाई ती ऐकते आणि नव्याने अमरातला कळवते. आरआयपीची पंधरा उड्यांची मर्यादाही इथे वाचवत नाही, कारण चौकी ओलांडताना मोजणी दर वेळी नव्याने सुरू होते. बातमी फिरत राहते, गाड्याही. टॅग म्हणजे बातमीवरचा ‘शहराकडून आलेली’ असा शिक्का. तो दिसला की दुसऱ्या चौकीने ती शहराला परत विकायची नाही. व्हॉट्सअॅपसुद्धा ‘फॉरवर्डेड’ लिहितं हो!

हे सगळं प्रयोगशाळेतलं, असं म्हणणाऱ्यांनी दोन तारखा पाहाव्यात. २५ एप्रिल १९९७ ला अमेरिकेतल्या एएस ७००७ या नेटवर्कने जगाचे रूट तुकडे करून, मूळ वाट पुसून, स्वतःच्या नावावर वाटले. राउटर बंद केल्यावरही ते रेंगाळले. १६ एप्रिल २०२१ ला व्होडाफोन आयडियाच्या एएस ५५४१० ने आपले नसलेले ३०,००० हून अधिक रूट जाहीर केले. तिथे मामला नेटवर्कांना आपसात जोडणाऱ्या बीजीपी प्रोटोकॉलचा होता, पण ऐकणाऱ्यांनी गाळणी न लावता विश्वास ठेवला हा दोष तोच. ‘आमची जोडणी एकच आहे’ हा आक्षेप मात्र रास्त आहे. एका चौकीवर असं चक्र होत नाही. पण बॅकअप म्हणून दुसरी जोडणी येते, तेव्हा पहिली ओळ कोण उघडून पाहतं? दुसरा आक्षेप अधिक वजनदार: शहराचेच दोन तुकडे झाले तर टॅग अमरातवरून जाणारी खरी वाटही अडवेल. अडवेल, आणि ती किंमत मला मान्य आहे. वादीला पाणी आलं की पोलीस रस्ता बंद करतात, पलीकडच्यांनी काय ऐकलंय ते विचारत बसत नाहीत. जून २००७ चं गोनू चक्रीवादळ पाहिलेल्यांना त्याचं कारण सांगायला नको.

तेव्हा दुसरी तार जोडण्याआधी पहिल्या राउटरवरची ‘रीडिस्ट्रिब्यूट’ची ती ओळ उघडा. तिच्यात टॅग नसेल, तर तार तशीच राहू द्या.