लाइक उदंड झाले, वाचक किती?

जालना जिल्ह्यातल्या अंबड, परतूर, भोकरदन, मंठा अशा तालुक्यांतून आज आमची मुले लिहू लागली आहेत. कुणी शिक्षक आहे, कुणी बेरोजगार पदवीधर, तर कुणी स्टील कारखान्यात पाळी करणारा कामगार. पुण्या-मुंबईच्या प्रस्थापित प्रकाशकांनी दार उघडले नाही की ही मुले पदरचे पैसे घालून, प्रसंगी कर्ज काढून पुस्तक छापतात. प्रकाशन सोहळा होतो, शाल-पुष्पगुच्छ होतात, फेसबुकवर मुखपृष्ठ झळकते, 'जयभीम, अभिनंदन' अशा संदेशांचा पाऊस पडतो. वर्षभराने पाहावे तर प्रतींचे गठ्ठे खाटेखाली तसेच! अभिनंदन करणाऱ्या शेकडो हातांपैकी पुस्तक विकत घेणारे हात किती होते, हा प्रश्न मग लेखकाला रात्री झोपू देत नाही.

पदरमोड करून पुस्तक छापणे यात कमीपणा मुळीच नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावले. भाषण वाचून मंडळ घाबरले आणि काही मजकूर गाळा म्हणू लागले. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, तेव्हा त्यांनी ते भाषण स्वतःच पुस्तकरूपाने काढले. तेच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'. त्याच्या इंग्रजी आवृत्तीच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. तेव्हा ना मोबाइल होता, ना इंटरनेट!

या पुस्तकावर गांधीजींनी 'हरिजन'मध्ये टीका केली आणि आठ आणे किंमत जास्त आहे, ती दोन किंवा निदान चार आणे करावी, असेही सुचवले. बाबासाहेबांनी काय केले? १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींची टीका छापली आणि तिच्या शेजारी आपले सडेतोड उत्तरही छापले. विरोधकाला लपवले नाही, वाचकासमोर उभे केले. आजच्या नवोदित लेखकाने यातून शिकायचे ते हेच, की वाचक कौतुकाने बांधला जात नाही, तो वादात सामील करून घेतल्याने जोडला जातो. टीका करणाऱ्याला ब्लॉक करणारा लेखक आपलाच एक वाचक गमावत असतो.

ऑनलाइन आले म्हणजे सगळी दारे उघडली, असा भ्रमही आम्ही बाळगू नये. १९२० मध्ये पैसे देण्याची तयारी असूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नव्हती. आज जाहिरात कुणालाही विकत मिळते, पण आमचा मजकूर किती लोकांना दाखवायचा हे परदेशातल्या कंपनीचे यंत्र ठरवते. दार तेच आहे, फक्त दारवान बदलला आहे! म्हणून ज्याचा वाचक केवळ फेसबुकच्या पानावर आहे, त्याचा वाचक उसना आहे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, पुस्तक युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर इंटरनेटवर शोधून सापडत नाही, मग वाचक तुमच्यापर्यंत यायचा कसा? दुसरी, आयएसबीएन क्रमांक भारतात सरकारी यंत्रणेकडून मोफत मिळतो. त्यासाठी कुणी मध्यस्थ पैसे मागत असेल तर देऊ नका. तिसरी, छापून देणाऱ्याच्या कागदावर सही करण्याआधी तो नीट वाचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पुस्तकाचा पहिला मालक लेखक आहे, तो हक्क फुकट लिहून देऊ नका. चौथी, एकदम हजार प्रती काढू नका. एक प्रकरण मोबाइलवर मोकळे ठेवा, ज्यांनी ते वाचून दोन ओळी कळवल्या त्यांची नावे वहीत उतरवा, त्यांच्याकडून आगाऊ मागणी घ्या आणि तेवढ्याच प्रती छापा. ही वही तुमच्या मालकीची आहे, ती कोणतीही कंपनी बंद करू शकत नाही.

आणि ही वही केवळ घरात बसून भरत नाही. १४ जानेवारीला नामविस्तार दिनी विद्यापीठ गेटवर, १४ एप्रिलला गावोगावी, ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर, धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर आमचा माणूस भाकरी बांधून येतो आणि जाताना पुस्तक घेऊन जातो. जगातल्या कोणत्याही लेखकाला हेवा वाटावा असा हा वाचक आहे. त्याला समोरासमोर भेटा, बोला, मग मोबाइलवर त्याच्याशी नाते टिकवा. आधी माणूस, मग मोबाइल!

शेवटी दोन शब्द वाचकांसाठी. 'बहिष्कृत भारत' चालवताना बाबासाहेब एकहाती रकानेच्या रकाने लिहीत होते, तरी वर्गणी थकत होती. १९२८ मध्ये त्यांना समाजाला या ऋणाची आठवण करून द्यावी लागली. १९२९ मध्ये ते पत्र बंद पडले. आज आम्ही काय करतो? मंठ्याच्या एखाद्या पोराने कर्ज काढून छापलेल्या पुस्तकाची पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपच्या दहा ग्रुपवर फिरवतो आणि चळवळीची सेवा केली असे समजतो. ही सेवा नव्हे, हा लेखकाच्या ताटातला घास काढून घेणे आहे. मनुवाद्यांनी आमच्या लेखकाला छापले नाही, ही तक्रार रास्त आहे. पण आम्ही तरी त्याला विकत घेतले काय?

या महिन्यात आपल्या तालुक्यातल्या एका लेखकाचे पुस्तक पैसे देऊन घ्या, वाचा आणि काय पटले नाही ते त्याला स्पष्ट कळवा. लाइकचा अंगठा पुरे झाला, आता खिशात हात घाला!