रुमालाखालचा सौदा

पुण्याच्या मार्केट यार्डात शेतमालाचा सौदा उघड्यावर व्हावा असा नियम आहे. विक्रीला आणलेल्या मालाची वक्कल समोर मांडलेली असावी, बोली सर्वांना ऐकू यावी, तोलणाराने वजन करावे आणि शेवटी शेतकऱ्याच्या हाती हिशेबपट्टी पडावी. पूर्वी अनेक बाजारपेठांत हत्ता पद्धत चाले. दलाल आणि खरेदीदार रुमालाखाली हातात हात घेत आणि बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल, तो शेतकरी शेजारीच उभा असे आणि भाव काय फुटला हे त्यालाच कळत नसे. १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्यामागे हा रुमाल दूर करण्याची धडपड होती. यार्डात नियम मोडल्याच्या तक्रारी आजही होतात. पण त्या करता येतात, कारण मोडायला नियम तरी आहे.

यार्डाच्या भिंतीपलीकडे, बिबवेवाडीत, गंगाधामला, महर्षीनगरात, २०२५ मध्ये मुलामुलींच्या दप्तरांना लबूबू नावाचा दात विचकणारा केसाळ प्राणी लटकताना दिसू लागला. बहुतेकांचा नकली, थोड्यांचा खरा. हौसेची वस्तू म्हणून आपण तिकडे दुर्लक्ष केले. खेळण्याकडे गंभीरपणे पाहायची आपल्याला सवय नाही. पण संग्रहाची मऊ खेळणी आणि पडद्यावरची दुनिया यांची सांगड घालणाऱ्या धंद्याला आता वीस वर्षांचा इतिहास आहे, आणि तो वाचला की मुलांच्या बाजारात रुमाल परत आला आहे हे स्पष्ट दिसते. या वेळी शेजारी काही न कळता उभे आहे ते सात-आठ वर्षांचे मूल.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतातली गान्झ ही भेटवस्तू बनवणारी जुनी कुटुंबकंपनी. तिने एप्रिल २००५ मध्ये वेबकिन्झ बाजारात आणले. दुकानात कुत्रा, मांजर, बेडूक अशी मऊ खेळणी मिळत. प्रत्येकाच्या गळ्यातल्या बंद चिठ्ठीत एक गुप्त कोड असे. तो संकेतस्थळावर भरला की त्याच प्राण्याचे जुळे भावंड पडद्यावर जन्म घेई. त्याला नाव द्यायचे, दत्तकपत्र मिळवायचे, खोली सजवायची, भरवायचे. भूक, आरोग्य आणि आनंद दाखवणारे आकडे सतत समोर असत. काही दिवस फिरकले नाही की प्राणी आजारी पडे आणि त्याला डॉक्टरकडे न्यावे लागे. खर्चाला किन्झकॅश नावाचे चलन होते आणि ते खेळ खेळून, प्रश्नांची उत्तरे देऊन कमवावे लागे. अमेरिका-कॅनडातल्या ज्या मराठी घरांत त्या काळी लहान मुले होती, तिथे हा खेळ आजही आठवणीत असेल. ती मुले आता पंचविशी ओलांडून तिशीकडे निघाली आहेत.

पालकांना वेबकिन्झ भावले याची कारणे खोटी नव्हती. अनोळखी माणसाला वाटेल ते लिहून पाठवण्याची मोकळीक मुलांना नव्हती. गणिताचे, शब्दांचे खेळ होते. जबाबदारी शिकायला मिळते असे वाटे. मला या रचनेतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. खेळणे विकत घेतले तरी पडद्यावरचे खाते सुरुवातीच्या नियमानुसार एक वर्षच चाले. ते पुढे चालू ठेवायचे तर नवे खेळणे घेऊन नवा कोड भरायचा. म्हणजे मुलाने ज्याला वर्षभर भरवले, ज्याच्यासाठी खोली मांडली, तो प्राणी टिकवण्याची किंमत होती आणखी एक खरेदी. आईबापांना वाटले आपण वस्तू घेतली. खरे तर त्यांनी एका वर्षाचा भाडेकरार केला होता आणि त्याचे नूतनीकरण मुलाच्या मायेवर अवलंबून होते. पुढे हे नियम सैल झाले, फुकट खातीही आली. पण प्रौढ माणसाला भाडे चुकवताना पैशाचा विचार करता येतो. सात वर्षांच्या मुलीला आपला प्राणी नाहीसा होईल एवढेच दिसते. या विषमतेवर उभा राहिलेला धंदा कितीही गोंडस दिसला तरी तो न्याय्य म्हणता येत नाही.

डिसेंबर २००७ मध्ये त्याच दुनियेत मुलांच्या चित्रपटांच्या जाहिराती दिसू लागल्या, तेव्हा अमेरिकेतल्या बालहक्क कार्यकर्त्यांनी आवाज उठवला. पैसे देऊन आत आलेल्या मुलांना पुन्हा जाहिरातदारांपुढे उभे करायचे, हा त्यांचा आक्षेप होता आणि तो रास्त होता.

संग्रहाचे वेड मात्र इंटरनेटने जन्माला घातले नाही. १९९३ मध्ये टाय वॉर्नरच्या कंपनीने बीनी बेबीज नावाची मऊ खेळणी आणली, आणि ठरावीक नमुने अचानक बंद करून उरलेल्यांची टंचाई निर्माण केली. मोठी माणसे ती मुलांच्या शिक्षणासाठी गुंतवणूक म्हणून साठवू लागली. १९९९ मध्ये लास व्हेगासच्या न्यायालयात घटस्फोट घेणारे एक जोडपे जमिनीवर बसून बीनी बेबीज एकेक करून वाटून घेत असल्याचे छायाचित्र जगभर गेले. त्यानंतर लवकरच फुगा फुटला आणि बहुतेक संग्रह मूळ किमतीलाही कोणी घेईना. तरीही बीनी निदान कपाटात उरले. मुलाला ते हातात धरता आले.

पडद्याशी जोडलेल्या खेळण्यात जीव असतो तो दूरच्या सर्व्हरवर. क्लब पेंग्विन ही मुलांची पडद्यावरची दुनिया २००५ मध्ये कॅनडातच सुरू झाली आणि दोनच वर्षांत डिस्नेने ती ३५ कोटी डॉलरला विकत घेतली. मग त्यातल्या पफल नावाच्या प्राण्यांची मऊ खेळणी निघाली, सोबत आतल्या दुनियेतली नाणी देणारे कोड. मार्च २०१७ मध्ये ती दुनिया बंद झाली. ब्रिटनमधली मोशी मॉन्स्टर्स डिसेंबर २०१९ मध्ये मिटली. मुलांनी कमावलेली घरे, नाणी, मित्रयाद्या एका तारखेला संपल्या आणि उरले ते कापूस भरलेले कापड. गान्झने वेबकिन्झ चालू ठेवले, याचे श्रेय तिला द्यायला हवे. पण चालू ठेवणे तिच्या मर्जीवर होते. ग्राहकाच्या हाती त्याची कोणतीही पावती नव्हती.

दुनिया चालू राहिली तरी आत साठलेली माहिती सुरक्षित राहतेच असे नाही. एप्रिल २०२० मध्ये वेबकिन्झच्या सुमारे २ कोटी ३० लाख खात्यांची नावे आणि सांकेतिक रूपातले पासवर्ड बाहेर पडले. क्लाउडपेट्स ही याहून वाईट गोष्ट. दूर असलेल्या आईबाबांनी किंवा आजीआजोबांनी फोनवरून निरोप पाठवायचा, तो मऊ अस्वलातून मुलाला ऐकू यायचा, मुलाने उलट उत्तर द्यायचे. परदेशी नातवंडे असलेल्या कुठल्याही पुणेकर आजीला ही कल्पना आवडली असती. २०१७ मध्ये उघड झाले की या खेळण्यांची ८ लाखांहून अधिक खाती नीट कुलूप नसलेल्या साठ्यात पडून होती, आणि घराघरांतले २० लाखांहून अधिक बोललेले निरोप परक्यांना मिळवता येत होते. त्याच वर्षी जर्मनीने केयला नावाच्या बोलक्या बाहुलीला लपवलेले हेरगिरीचे साधन ठरवून तिच्यावर बंदी घातली.

आता लबूबूकडे येऊ. कासिंग लुंग या हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने २०१५ मध्ये आपल्या चित्रकथांत हा प्राणी आणला. २०१९ पासून पॉप मार्ट ही चिनी कंपनी त्याची खेळणी काढते. एप्रिल २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या गायनसंचातल्या लिसाने तो मिरवला आणि मागणी उसळली. कंपनीचे उत्पन्न २०२४ च्या पूर्ण वर्षात सुमारे १३०० कोटी युआन होते. २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांतच ते त्याच्या पुढे गेले. विक्रीची मुख्य रीत म्हणजे बंद डबा. आत मालिकेतला कोणता नमुना आहे हे फोडल्याशिवाय कळत नाही. कंपनीच्या ॲपवरही पडद्यावरचे डबे हलवून पाहायचे, अंदाज बांधायचा आणि एक निवडायचा अशी सोय आहे. वेबकिन्झमध्ये खेळणे विकत घेऊन पडद्यावर जायचे होते. इथे पडद्यावर खेळून खेळणे विकत घ्यायचे आहे.

गुप्त नमुना ७२ डब्यांत एक, असे काही मालिकांच्या डब्यावर छापलेले असते. छापले म्हणजे लपवले नाही, असे कंपनीचे समर्थक म्हणतील. पण या आकड्याचा अर्थ किती मोठ्या माणसांना लागतो? प्रत्येक डबा स्वतंत्र धरला तर ५० डबे घेतल्यावर तो नमुना मिळण्याची शक्यता जेमतेम निम्मी होते. ७२ घेतले तरी दर तिघांतल्या एकाहून अधिक जणांच्या हाती तो लागणार नाही. मुलाला मात्र वाटत असते की पुढचाच डबा तो असेल. बक्षीस कधी मिळेल याचा नेम नसला की प्राणी सर्वात चिवटपणे तीच कृती करत राहतो, हे स्किनर आणि फर्स्टर या मानसशास्त्रज्ञांनी १९५७ मध्येच प्रयोगांनिशी मांडले होते. जुगाराच्या यंत्रातही हेच घडते.

आमच्या लहानपणी शाळेबाहेर सोरट होतीच की, असे यावर अनेकजण म्हणतील. होती. पण चिठ्ठी फाडायची किंमत काही पैशांत होती, सगळी बक्षिसे पुठ्ठ्यावर डोळ्यांसमोर टांगलेली असत, आणि शाळा सुटली की खेळ संपे. दुकानदार रात्री मुलाच्या उशाशी येऊन नवी चिठ्ठी फाड असे सांगत नसे. प्रमाण बदलले की गोष्टीचा स्वभाव बदलतो, आणि इथे प्रमाण फारच बदलले आहे.

हे सगळे दूरच्या देशांत चालते असेही समजू नये. किंडर जॉय बनवणाऱ्या फेरेरो कंपनीचा कारखाना याच पुणे जिल्ह्यात, बारामतीत आहे. अंड्यात कोणते खेळणे आहे हे फोडल्यावरच कळते, आणि २०२० पासून ते फोनने टिपून कंपनीच्या ॲप्लेडू या ॲपमध्ये नेता येते. त्या ॲपमध्ये जाहिराती नाहीत, आत पैसे मागितले जात नाहीत. मी त्याला वेबकिन्झ किंवा लबूबूच्या रांगेत बसवत नाही. तरीही बंद वस्तू, आतले आश्चर्य आणि मग पडदा हा क्रम आपल्या मुलांच्या अंगवळणी किती लहान वयात पडतो, याची नोंद घ्यायला हवी. तो क्रम पुढे कुठे जाऊ शकतो याचे उदाहरण मुंबईत आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीतल्या एका सोळा वर्षांच्या मुलाने पबजी या खेळाच्या नादात आईच्या खात्यातले सुमारे १० लाख रुपये खर्च केले. आईवडील रागावले म्हणून तो घर सोडून गेला. पोलिसांनी त्याला शोधून परत आणले. प्रत्येक घरात असे घडणार नाही. पण दोष एकट्या मुलाच्या संस्कारांवर टाकून मोकळे होणे अन्यायाचे आहे. पलीकडच्या बाजूला माणसाला खर्चात ओढण्याचे शास्त्र पगारावर काम करत असते. फोर्टनाइट हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सला अमेरिकेच्या व्यापार आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर भरायला लावले. त्यातले २४.५ कोटी खेळाडूंना फसव्या रचनेने नको ती खरेदी करायला लावल्याबद्दल होते, उरलेले मुलांच्या खासगी माहितीबद्दल.

आपल्याकडे कायदे नाहीत असे नाही. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोची खूण सक्तीची आहे. टोकदार कडा, विषारी रंग, घशात अडकणारे तुकडे यांची तपासणी त्यात होते, आणि ती गरजेची आहे. नकली लबूबूचे सुटणारे तुकडे लहान मुलांच्या घशात अडकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिला होता. पण कापसाची तपासणी करणारा हा नियम कोडपलीकडच्या दुनियेत पाऊल टाकत नाही. २०२३ मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या रचनेचे १३ प्रकार निषिद्ध ठरवले. २०२५ च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून पैसे जिंकण्याचे खेळ बंद केले. बंद डब्यासाठी मात्र वेगळी तरतूद नाही. बेल्जियमने २०१८ मध्येच पडद्यावरच्या खेळांतल्या अशा विकतच्या डब्यांना जुगार ठरवले. ज्या चीनमधून ही लाट आली, तिथेही २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार आठ वर्षांखालील मुलांना बंद डबा विकता येत नाही, आणि त्याहून मोठ्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. आपल्या कोणत्याही दुकानदाराला असे काही विचारावे लागत नाही.

आणखी एक टप्पा दारात उभा आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या एका ग्राहक संघटनेने फोलोटॉय कंपनीच्या कुमा या बोलक्या अस्वलाची चाचणी केली. आत कृत्रिम बुद्धिमत्ता होती. गप्पा लांबल्या तसे ते अस्वल घरात काडेपेट्या आणि सुऱ्या कुठे मिळतील हे सांगू लागले, आणि मुलांपुढे कधीही काढू नयेत अशा लैंगिक विषयांवरही बोलले. कंपनीला विक्री काही काळ थांबवावी लागली. वेबकिन्झला मुलाची माया हवी होती, क्लाउडपेट्सने आवाज साठवला. या नव्या खेळण्याला मुलाचे मन ऐकायचे आहे. आपल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठराखालच्या मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना नेमून जाहिराती दाखवायला मनाई आहे, पालकांची पडताळलेली संमती आवश्यक आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, पण कंपन्यांना तयारीसाठी १८ महिने दिले आहेत. म्हणजे २०२६ ची दिवाळी या मुदतीच्या आतच येते, आणि खेळण्यांची मोठी खरेदी आपल्याकडे दिवाळीतच होते.

तोवर निदान एवढे मागता येईल. पडद्याशी जोडलेल्या प्रत्येक खेळण्याच्या डब्यावर, मराठीत, ठळक अक्षरात लिहिलेले असावे: ही दुनिया किमान कोणत्या तारखेपर्यंत चालू राहील, ती चालू ठेवायला पुढे किती पैसे लागतील, मुलाची कोणती माहिती कुठे साठते, आणि आतली वस्तू नेमकी कोणती आहे. शेवटची गोष्ट लिहायची नसेल तर तो डबा लहान मुलाला विकू नये. शेतकऱ्याच्या कांद्यासाठी जो उघडेपणा आपण कायद्याने मागितला, तो आपल्या मुलांसाठी मागणे जास्त नाही. हे काम एकेका आईबापाने दुकानात हट्टी मुलाशी झगडून होणारे नाही, संघटनेने करायचे आहे, आणि त्यासाठी पुण्याइतके योग्य शहर दुसरे नाही. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायत उभी केली. ग्राहक संरक्षण कायदा त्यानंतर १२ वर्षांनी, १९८६ मध्ये आला. या वेळी तेवढाच काळ लागला, तर आज सात वर्षांचे असलेले मूल तोवर एकोणीस वर्षांचे झालेले असेल, आणि कायद्याच्या लेखी ते मूल राहिलेले नसेल.