धक्का आणि शोक

अद्भुतरम्य कादंबरींतील एखादें पात्र अचानक मेलें म्हणजे वाचकांच्या डोळ्यांस पाणी येतें, ही गोष्ट आतां कोणास नवी राहिलेली नाहीं. तिच्यासंबंधानें आमच्या सुशिक्षित वर्गांत दोन मतें प्रचलित आहेत, आणि तीं दोन्ही मला सारखींच चुकीचीं वाटतात. पहिलें मत माझ्या वयाच्या लोकांचें. जें जग मुळांतच नाहीं त्यांतील कधीं न जन्मलेला मनुष्य मेला म्हणून रडत बसणें हें पोरकटपणाचें लक्षण होय, असें हे लोक म्हणतात. दुसरें मत तरुणांचें. आयुष्यांत मरण पूर्वसूचना देऊन येत नाहीं; म्हणून जो लेखक सूचना न देतां पात्रें मारतो तोच खरा वास्तववादी व तोच निर्भय, असें यांचें म्हणणें. एका पक्षानें अश्रूंची किंमत शून्य ठरविली आहे, तर दुसऱ्यानें धक्क्याची किंमत अवाच्या सवा वाढविली आहे. या दोहोंचाहि समाचार घ्यावा असा या लेखाचा हेतु आहे. पहिल्या पक्षांत मी स्वतः पुष्कळ वर्षें मोडत होतों, तेव्हां आरंभ माझ्यापासूनच करणें न्यायाचें होईल.

कांहीं वर्षांपूर्वीं वर्गांत ‘किंग लिअर’ शिकवीत असतां मीं एक विनोद केला. कॉर्डीलियासाठीं आम्ही रडत होतों, आणि हल्लींचीं मुलें एका लांब कानांच्या घरगड्यासाठीं रडतात, असें मी म्हणालों. रोख अर्थात् ‘हॅरी पॉटर’च्या २००७ सालीं निघालेल्या शेवटच्या भागांतील डॉबीच्या मृत्यूवर होता. वर्ग हंसला. तास संपल्यावर एक विद्यार्थिनी माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिचे वडील २०२१ च्या साथींत रुग्णालयांत वारले होते. घरच्यांस अखेरचें दर्शनहि घडलें नाहीं, आला तो फक्त निरोप. ती म्हणाली, “सर, त्या वेळीं आम्ही कोणीच रडलों नाहीं. आईकडे पाहून मला रडतांच येईना. पुढें दोन महिन्यांनीं तें पुस्तक मीं पुन्हां काढलें. हॅरी जादू न वापरतां, फावडें घेऊन, स्वतःच्या हातांनीं डॉबीसाठीं खड्डा खणतो. तेथें मी रडलें. तो खड्डा मला खणायला मिळाला नव्हता.”

मजजवळ उत्तर नव्हतें. शोकांतिकेनें चित्ताची शुद्धि कशी होते यावर मीं दरसाल दोन व्याख्यानें देत आलों आहें, आणि ती शुद्धि समोर येऊन उभी राहिली तेव्हां मला ती ओळखतां आली नाहीं. उलट मीं तिची थट्टा केली होती. त्या थट्टेचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख लिहिला आहे असें कोणी म्हटल्यास मी नाकारणार नाहीं.

आतां आमच्या पक्षाचा युक्तिवाद तपासून पाहूं. लिअरचें ब्रिटन तरी कोणत्या नकाशावर आहे? तेंहि दंतकथेंतील राज्य, आणि कॉर्डीलियाहि कधीं जन्मलेली नाहीं. शिवाय तिचें मरण आज जितकें ‘अभिजात’ वाटतें तितकेंच तें एके काळीं असह्य वाटत होतें. शेक्सपिअरच्या अगोदर रंगभूमीवर आलेल्या व १६०५ सालीं छापलेल्या जुन्या ‘लिअर’ नाटकांत राजाला राज्य परत मिळतें आणि कन्या जिवंत राहते. ती गोष्ट ठाऊक असलेल्या प्रेक्षकांस शेक्सपिअरनें अकल्पित घाव घातला. १६८१ सालीं नेहम टेट यानें कॉर्डीलियेस वांचवून तिचें एडगरशीं लग्न लावून दिलें, आणि सुमारें दीडशें वर्षें इंग्रज रंगभूमीवर त्याच शेवटाचें राज्य चाललें. डॉक्टर जॉन्सनसारख्या करारी पुरुषानें १७६५ च्या आपल्या आवृत्तींत कबूल केलें आहे कीं, कॉर्डीलियेच्या मृत्यूनें त्यास इतका धक्का बसला कीं संपादनाचें काम अंगावर येईपर्यंत ते अखेरचे प्रवेश पुन्हां वाचण्याचें त्याला धैर्य झालें नाहीं. जॉन्सन रडला तर ती रसिकता, आणि अठरा वर्षांची मुलगी रडली तर तो पोरकटपणा, हा कोणता न्याय?

उलट अद्भुत कथेंतील मरण अधिक झोंबतें याला सबळ कारण आहे. सामाजिक कादंबरींत कोणी मेलें तर आपण रोगास, दारिद्र्यास किंवा वैद्यास दोष देतों. अद्भुत सृष्टींत मंत्र आहेत, भाकितें आहेत, वेळेवर धांवून येणारे गरुड आहेत. तेथें मरणास अडविण्याचें सामर्थ्य लेखकाच्या हातीं असतें आणि वाचक तें जाणून असतो. जेथें मेलेला उठूं शकतो तेथें न उठणारा मनुष्य दुप्पट मेलेला असतो. म्हणून तेथील मरणाचा जाब द्यावयास लेखकाशिवाय दुसरें कोणीच उरत नाहीं.

हा जाब मागावयाचा झाला म्हणजे दुसरा पक्ष आडवा येतो. त्यांचें दैवत जॉर्ज मार्टिन. ‘अ गेम ऑफ थ्रोन्स’ ही त्यांची कादंबरी १९९६ सालीं प्रसिद्ध झाली. तिचा नायक वाटणारा एडर्ड स्टार्क पुस्तक संपत आलें असतां भर चौकांत शिरच्छेदानें मरतो. भक्तमंडळी म्हणतात, पहा, कसलीहि सूचना नाहीं, कसलीहि दयामाया नाहीं! मी म्हणतों, पुस्तक पुन्हां वाचा. अगदीं आरंभींच्या प्रकरणांत हाच एडर्ड एका पळपुट्या पहारेकऱ्याचें मस्तक ‘आइस’ नांवाच्या आपल्या वडिलोपार्जित तरवारीनें स्वतः उडवितो, आणि जो शिक्षा सांगतो त्यानेंच तरवार चालवावी असा धडा मुलास देतो. त्याच प्रकरणांत लांडगीण मरून पडलेली आढळते; तिच्या गळ्यांत सांबराच्या शिंगाचा तुकडा रुतलेला असतो. लांडगा हें स्टार्कांचें चिन्ह, सांबर राजघराण्याचें. पुढें एडर्ड राणीचें पाप उघडकीस आणण्यापूर्वीं तिलाच जाऊन सांगतो, कां तर तिच्या लेंकरांचे प्राण वांचावेत. रात्रींच्या रात्रीं तीं लेंकरें ताब्यांत घेण्याची मसलत तो फेटाळतो. अखेर आपल्या मुलीच्या जिवासाठीं खोटा कबुलीजबाबहि देतो. मग शिक्षा सांगणारा एक पोर राजा असतो, तरवार चालविणारा दुसराच, आणि ती तरवार असते ‘आइस’. इतक्या सूचना दिल्यावर आणखी काय नगारा वाजवावयाचा होता? पहिल्या वाचनीं जें अकस्मात् वाटतें तें दुसऱ्या वाचनीं अटळ दिसतें. घटना अपेक्षेविरुद्ध घडाव्या, परंतु एकींतून दुसरी निघालेली असावी, हें अॅरिस्टॉटलचें मागणें याहून निराळें नाहीं.

तीच गोष्ट २००० सालच्या ‘अ स्टॉर्म ऑफ स्वोर्ड्स’मधील रक्तरंजित विवाहाची. १४४० सालीं एडिंबरोच्या किल्ल्यांत जेवावयास बोलावून केलेला डग्लस बंधूंचा घात, आणि १६९२ सालचें ग्लेंको येथील पाहुण्यांनीं केलेलें हत्याकांड, या स्कॉटलंडच्या इतिहासांतील दोन प्रसंगांवरून आपणांस ती सुचली असें मार्टिन यांनीं सांगितलें आहे. तें प्रकरण लिहिणें इतकें जड गेलें कीं तें आपण सर्वांत शेवटीं लिहिलें, असेंहि ते सांगतात. मारणाऱ्याचा हात कांपला होता, ही गोष्ट आमच्या भक्तमंडळींस ऐकूं येत नाहीं. २०१३ सालीं हा प्रसंग दूरचित्रवाणीवर आला तेव्हां ज्यांनीं पुस्तक वाचलेलें होतें त्यांनीं न वाचलेल्या आप्तमित्रांच्या मुद्रा गुपचुप टिपल्या आणि त्या चव्हाट्यावर मांडल्या. जगानें त्या मिटक्या मारीत पाहिल्या. माझ्या मतें धक्क्याच्या उपासनेची परिणति ती हीच. शोक बाजूस राहिला, शोक करणाराचा चेहरा करमणूक झाला. अनुकरण करणाऱ्यांनींहि शिरच्छेद तेवढा उचलला. पहिलें प्रकरण उचलण्याचे कष्ट कोणी घेतले नाहींत.

धक्क्यानेंच जर पात्र स्मरणांत राहत असतें, तर आपल्या महाभारतानें निराळाच निकाल दिला असता. अभिमन्यु पडणार याची धास्ती चक्रव्यूहाच्या तोंडाशींच वाटूं लागते, कारण त्यास आंत जाण्याची विद्या येते, बाहेर पडण्याची येत नाहीं. उलट द्रौपदीचे पांच पुत्र युद्ध जिंकल्यानंतर, शिबिरांत निजले असतां, रात्रीं अश्वत्थाम्याच्या हातून मरतात. याहून अनपेक्षित मरण कोणतें? पण अभिमन्यूचें नांव पोरासोरांच्या तोंडीं आहे आणि त्या पांचांचीं नांवें पुराणिकासहि आठवून सांगावीं लागतात. अभिमन्यु मेल्यावर अर्जुन सायंकाळीं परततो, छावणींत वाद्यें वाजत नाहींत हें त्याच्या ध्यानीं येतें, आणि कोणी कांहीं बोलण्यापूर्वींच त्याचें काळीज धडधडूं लागतें. तेथें आपण अर्जुनाबरोबर चालत असतों. आमच्या रसशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर विस्मय हा अद्भुताचा स्थायीभाव, शोक हा करुणाचा. अद्भुत कथेंत मरण आलें म्हणजे विस्मयानें शोकाची सेवा करावी. तो स्वतःच सिंहासनावर बसला कीं करुण रस दाराबाहेर उभा राहतो.

मग कसोटी कोणती? मरण किती अचानक आलें हें मोजूं नये. मरणानंतर लेखकानें शोकाला किती जागा दिली तें पाहावें. टॉल्कीनचा गँडाल्फ मोरियाच्या पुलावरून कोसळतो तेव्हां सोबत्यांस रडावयास उसंत नसते. बाहेर उजेडांत आल्यावर ते रडतात, आणि पुढें लोथलोरिएनच्या वनांत त्याच्यासाठीं विलापगीतें गाइलीं जातात. यावर कोणी म्हणेल कीं गँडाल्फ तर परत येतो. आणि तो मेलेलाच राहावयास हवा होता असें स्वतः मार्टिन यांचें मत आहे. मला त्यांत तथ्य वाटतें. परत येण्यानें त्या पुलावरील अंधार कांहींसा उणा होतो खरा. परंतु १९५४ च्या जुलैंत पहिला खंड वाचून नोव्हेंबरांतील दुसऱ्या खंडाची वाट पाहणाऱ्या वाचकानें जो शोक केला, तो करण्यास टॉल्कीननें त्याला जागा दिली होती. याच कसोटीस डॉबी उतरतो, आणि त्याच पुस्तकांतील ल्यूपिन व टाँक्स हें जोडपें उतरत नाहीं. तीं दोघें पडद्याआड मरतात आणि आपल्यास दिसतात तीं सभागृहांत ओळीनें ठेवलेल्या प्रेतांत. २०१६ सालीं लेखिकेनें ल्यूपिनच्या मृत्यूबद्दल वाचकांची जाहीर क्षमा मागितली. वाचकांस क्षमायाचनेपेक्षां दोन पानें अधिक हवीं होतीं, असें मला वाटतें.

शेवटचा आक्षेप सर्वांत बळकट आहे. आयुष्य तरी शोकाला जागा कोठें देतें? त्या मुलीच्या वडिलांचें मरण असेंच नव्हतें काय? एक निरोप, आणि त्यापुढें कांहीं नाहीं. मग जो लेखक तसेंच मारतो व पुढें निघून जातो तो खोटा कसा? माझें उत्तर असें कीं तो खोटा नाहीं, तो निरुपयोगी आहे. तो निरोप तिला एकदां मिळालेला होता. त्याची दुसरी प्रत घेण्यासाठीं तिनें पुस्तक उघडलें नव्हतें. आयुष्यानें जें नाकारलें, तें एका कल्पित सृष्टीनें तिच्या हातीं दिलें: एक फावडें, मूठभर माती आणि रडावयास लागणारा वेळ. महाभारतकारानें सौप्तिकपर्वाच्या कत्तलीनंतर स्त्रीपर्व ठेवलें, रणांगणावर गांधारीला आणून उभें केलें, तें उगीच नव्हे.

माझ्या समवयस्क बंधूंस एवढीच विनंति कीं, अशीं पुस्तकें हातीं न धरतां त्यांतील अश्रूंस हंसूं नये. आणि तरुण परीक्षकांस विनंति अशी कीं, पुढल्या वेळीं एखाद्या अकल्पित मृत्यूची वाखाणणी लिहावयास बसाल तेव्हां तें प्रकरण मिटून पुढचीं पानें चाळा, आणि त्या मेलेल्याची आठवण तेथें कोण काढतो तें पाहा. कोणीच काढीत नसेल तर वाखाणणी आवरती घ्या. मी यंदाहि ‘लिअर’ शिकवीत आहें. तो विनोद मात्र आतां करीत नाहीं.