भंगार इथं जमवा, तेजाब इथं नको

रावेरच्या गल्ल्यांमधून हल्ली मोटारसायकलला भोंगा बांधलेले फेरीवाले बंद पडलेले मोबाइल मागत फिरतात. बदल्यात प्लॅस्टिकचा टब, नाहीतर स्टीलचं पातेलं. कपाटात पडून राहिलेले दोन-चार फोन देऊन घरात टब आला की घरची बाई खूश आणि फोन थैलीत टाकून फेरीवालाही खूश. आपल्या आज्यांच्या काळी असाच व्यवहार बोहारणीशी व्हायचा. विरलेली जरीची साडी ती उन्हाकडे धरून बघायची, नाक मुरडायची आणि बरीच घासाघीस करून एखाद्या भांड्यावर सौदा तोडायची. अशा साडीत तिला रस असायचा तो काठापदराचा. ती जर जाळून, उरलेली राख आणि तार तेजाबात घालून चांदी वेगळी काढणारे लोक पुढे बसलेले असत.

आपल्या भागाला ही विद्या परकी नाही. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये रावेरची नोंद जरीच्या, म्हणजे सोन्याचांदीच्या तारेच्या कामासाठी नावाजलेलं गाव अशी आहे. पलीकडचं बऱ्हाणपूर तर या कामासाठी देशभर माहीत होतं. तिकडे जळगावचा सराफा. सोनाराच्या दुकानातला केर फेकला जात नाही, तो विकला जातो. दुकानाबाहेरच्या गटारीतला गाळसुद्धा झारेकरी उचलून नेतात, धुतात, पाऱ्यानं सोन्याचे कण धरतात, तेजाबानं शुद्ध करतात. नखाएवढं सोनं मिळवण्यासाठी गाळाच्या पाट्या उपसायची ही मेहनत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे.

आता गाळाच्या जागी मोबाइल, टीव्ही आणि कॉम्प्युटर यांचे बोर्ड आले आहेत. काम तेच : घन वस्तूतला हवा तो धातू द्रवात उतरवायचा आणि मग त्या द्रवातून तो परत मिळवायचा. विज्ञानाच्या भाषेत याला निक्षालन म्हणतात. चांदी आणि तांबं नायट्रिक आम्लात विरघळतात. त्या द्रावणात तांब्याची पट्टी ठेवली की चांदी बाहेर पडते आणि तांबं द्रावणात जातं, कारण तांबं चांदीपेक्षा जास्त क्रियाशील. पुढे लोखंड टाकलं की तांबंही खाली बसतं. सोनं एकट्या नायट्रिकला दाद देत नाही की एकट्या हायड्रोक्लोरिकला. दोन्ही एकत्र करून केलेल्या आम्लराजात मात्र ते विरघळतं. हे सगळं साठ गुणांच्या मुलालाही कळण्यासारखं आहे आणि खरी अडचण तिथंच आहे. प्लॅस्टिकचा डबा, तेजाबाची बाटली आणि मागचं अंगण एवढ्यावर माणूस ‘धंदा’ सुरू करू शकतो.

मोह पडावा असे आकडेही आहेत. चांगल्या प्रतीच्या एक टन सर्किट बोर्डांमध्ये दोनशे ग्रॅमच्या आसपास सोनं निघू शकतं. खाणीतल्या एक टन दगडात पाच ग्रॅम सापडलं तरी ती खाण चांगली समजतात. ‘शहरातली खाण’ हा शब्दप्रयोग अशा तुलनेतूनच आला. दुसरा आकडा मात्र फारसा कोणी सांगत नाही. टोकियो ऑलिम्पिकची पदकं जुन्या यंत्रांतल्या धातूची करायची असं जपाननं ठरवलं. एप्रिल २०१७ ते मार्च २०१९ अशी दोन वर्षं अख्ख्या देशानं जुनी उपकरणं दिली. ७८,९८५ टन माल जमला. त्यातून हाती आलं सुमारे ३२ किलो सोनं आणि साडेतीन हजार किलो चांदी. म्हणजे सरसकट भंगार धरलं तर टनामागे अर्धा ग्रॅमही सोनं नाही. निवडलेल्या बोर्डांत सोनं आहे, पण असे बोर्ड टनावारी जमवायचे तर आधी डोंगराएवढं भंगार जमवावं लागतं. एका फोनमधलं सोनं मिलिग्रॅममध्ये मोजायचं असतं. तालुक्याच्या गावी पाच-पन्नास किलो बोर्ड उकळून कोणी श्रीमंत होत नाही. छाती आणि हात मात्र नक्की खराब होतात.

आपल्याकडच्या ई-कचऱ्याची जातही शहरापेक्षा वेगळी आहे. पुण्या-मुंबईत लॅपटॉप आणि प्रिंटर निघतात. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात निघतात स्टार्टर, कॉन्टॅक्टर, मोबाइलवरून मोटार चालू करायचे ऑटो, ठिबकचे कंट्रोलर आणि भारनियमनाच्या दिवसांत घरोघरी आलेले इन्व्हर्टर. वीज खाली-वर झाली की स्टार्टरचे पॉइंट जळतात, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. हे पॉइंट बहुतेकदा चांदीच्या मिश्रधातूचे असतात आणि रिवायंडिंगच्या दुकानात ते वेगळे काढून ठेवतात, हेही पुष्कळांना ठाऊक आहे. फारसं ठाऊक नसलेली गोष्ट अशी की, अशा अनेक पॉइंटांमध्ये चांदीबरोबर कॅडमियम ऑक्साइड मिसळलेलं असतं. उघड्या मुशीत ते वितळवलं की कॅडमियमची वाफ नाकात जाते. तेजाबात विरघळवलं की चांदी काढून घेतल्यावर कॅडमियम उरलेल्या पाण्यात राहतं. ते पाणी जातं कुठं?

या प्रश्नाचं उत्तर मुरादाबादनं देऊन ठेवलं आहे. पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात देशभरातून बोर्ड जायचे. ते जाळायचे, दळायचे, तेजाबात घालायचे आणि राख-पाणी रामगंगेच्या काठावर सोडायचं. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं. दिल्लीच्या सीलमपूरची आणि चीनमधल्या ग्वियूची कहाणीही याच वळणाची. बोर्डाच्या डाखात शिसं असतं. बोर्ड पेटू नये म्हणून त्यात ब्रोमिनयुक्त रसायनं घातलेली असतात आणि ती जाळली की डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. नायट्रिक आम्ल तांब्यावर पडलं की निघणारा तपकिरी धूर फुप्फुसात पाणी भरू शकतो, तेही कधी कधी काही तासांनी, माणूस घरी जाऊन झोपल्यावर.

मुरादाबादजवळ निदान वाहती नदी होती. आपल्याकडे याहून नाजूक गोष्ट आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी गोटे, वाळू आणि रेतीचा जो पट्टा पसरला आहे, त्याला भूवैज्ञानिक बझाडा म्हणतात. डोंगरावरून येणारं पाणी इथं चाळणीतून गळावं तसं जमिनीत उतरतं. केळीबागांच्या विहिरी आणि कूपनलिका त्याच साठ्यावर चालतात. उपसा इतका झाला आहे की पातळी वर्षानुवर्षं खाली जात आहे. म्हणून तर तापी मेगा रिचार्जची योजना पुढे आली आणि १० मे २०२५ रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन सरकारांनी भोपाळमध्ये तिच्या करारावर सह्या केल्या. जी जमीन पाणी पटकन आत घेते म्हणून आपण तिच्यावर हजारो कोटींचा भरवसा ठेवतो आहोत, ती तेजाबाचं पाणीही तितक्याच पटकन आत घेईल. शिसं आणि कॅडमियम कुजत नाहीत, उन्हानं उडून जात नाहीत. साठ्यात एकदा उतरले की ते काढण्याचा स्वस्त उपाय कोणाकडेही नाही. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावामागे जी माती आणि जे पाणी आहे, ते एका पिंपाच्या तेजाबावर उधळायचं का, हा सरळ हिशेबाचा प्रश्न आहे.

याचा अर्थ निक्षालनाचं तंत्रच वाईट असा कोणी काढू नये. ते बंदिस्त टाक्यांत, धूर धुऊन काढणाऱ्या यंत्रणेसह आणि सांडपाण्याच्या शेवटच्या थेंबाचा हिशेब ठेवून केलं तर खाण खोदण्यापेक्षा कितीतरी बरं. ब्रिटनची नाणी पाडणाऱ्या रॉयल मिंटनं २०२४ मध्ये वेल्समध्ये असा कारखाना सुरू केला. तिथं वर्षाला चार हजार टनांपर्यंत बोर्ड घेऊन साध्या खोलीच्या तापमानाला रसायनानं सोनं उतरवतात. बेल्जियममध्ये होबोकेनला उमिकोर कंपनी आधी भट्टीत वितळवून आणि मग रासायनिक प्रक्रियेनं सतरा धातू वेगळे काढते. अंगणातला माणूस सोनं आणि फार तर चांदी-तांबं काढून थांबतो; पॅलेडियम, कथील, अँटिमनी हे सगळं तो फेकून देतो. त्याची पद्धत स्वस्त वाटते, पण ती उधळीची आहे. आपल्याकडेही केंद्र सरकारच्या सी-मेट या संस्थेनं, जिचं मुख्यालय पुण्यात आहे, हैदराबादच्या केंद्रात बोर्डांतले धातू काढण्याचं देशी तंत्र विकसित केलं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं दुर्मीळ आणि महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तंत्र आहे, पैसाही येतो आहे.

नाही तो गोळा करणारा माणूस. म्हणजे आहे, पण कायद्याच्या कागदावर नाही. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमध्ये नोंदणीचे चारच प्रकार आहेत : उपकरण तयार करणारा कारखानदार, ते आपल्या नावानं बाजारात आणणारा उत्पादक, दुरुस्त करून पुन्हा विकणारा आणि पुनर्चक्रण करणारा. आधीच्या २०१६ च्या नियमांत उपकरणं खोलून सुटे भाग वेगळे करणाऱ्यालाही जागा होती, संकलन केंद्रांचा आग्रह होता. नव्या व्यवस्थेत उत्पादक कंपनी नोंदणीकृत कारखान्याकडून प्रमाणपत्रं विकत घेते आणि आपलं उद्दिष्ट पुरं करते. २०२५-२६ साठी ते ७० टक्के आहे. प्रमाणपत्रं मिळतात ती सोनं, तांबं, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर. ग्राहकोपयोगी उपकरणांसाठी कारखान्याला किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असं सरकारनं ठरवलं, तेव्हा मोठ्या कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. हा सगळा झगडा कारखान्याच्या फाटकाच्या आतला आहे. रावेरचा फेरीवाला, बाजारातला भंगारवाला, रिवायंडिंगचा कारागीर यांच्यापर्यंत त्या २२ रुपयांतले किती पोचतात? त्यांना रोख देतो तो अडत्या, आणि तो माल कुठं नेतो हे विचारायची सोय नाही.

भंगारवाल्यांवर धाडी घालून हे सुटणार नाही. धाड पडली की पिंप एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जातं, एवढंच. त्याचं पोट ज्या व्यवहारावर आहे, तो व्यवहारच स्वच्छ रस्त्याला लावला पाहिजे. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. याच नियमांनी नगरपालिकांवर ई-कचरा वेगळा गोळा करून नोंदणीकृत कारखान्याकडे पाठवण्याची जबाबदारी टाकली आहे. राज्य सरकारनं या कामासाठी औद्योगिक जागा किंवा शेड राखून ठेवावी, त्यात काम करणाऱ्यांची नोंद करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावं, असंही त्यात लिहिलेलं आहे.

मग करायचं काय? रावेर नगरपालिकेनं आणि बाजार समितीनं मिळून एक शेड द्यावी. आठवडे बाजाराच्या दिवशी तिथं ई-कचरा घ्यावा, घरातून येणारा आणि फेरीवाल्यांकडून येणाराही. केळीचे भाव रोज जाहीर होतात, तसे बोर्ड, मोबाइल, स्टार्टर आणि बॅटरीचे भाव फळ्यावर लागावेत आणि पैसे हातोहात मिळावेत. उधारीवर हा माल कोणी देणार नाही. शेडमध्ये स्क्रू काढणं, प्लॅस्टिक, लोखंड, तांबं आणि बोर्ड वेगळे करणं एवढंच व्हावं. हे काम आपली आयटीआय झालेली पोरं आणि आजचे भंगारवाले उत्तम करतील, आणि सुट्या केलेल्या मालाला सरसकट भंगारापेक्षा भावही जास्त मिळतो. भुसावळ, यावल, मुक्ताईनगर इथला माल एकत्र आला तर ट्रक भरेल आणि नोंदणीकृत कारखाना स्वतः दारात येईल. जाळणं, वितळवणं आणि तेजाब या तीन गोष्टींना मात्र शेडमध्ये, गावात आणि शिवारात पूर्ण मज्जाव. जळगावच्या विद्यापीठातल्या रसायन आणि जीवशास्त्राच्या विभागांनी पायथ्याच्या विहिरींचं पाणी जड धातूंसाठी दरवर्षी तपासून आकडे जाहीर करावेत, म्हणजे चोरून कुठं काय चाललंय ते पाणीच सांगेल.

वाचकांनाही एक सांगणं आहे. जुना फोन टबावर घालवू नका. निदान त्याची बॅटरी सुजलेली असेल तर फेरीवाल्याच्या थैलीत मुळीच टाकू नका. जळालेले पॉइंट घरी वितळवू नका. येत्या ग्रामसभेत एक साधा ठराव मांडा : आमच्या शिवारात बोर्ड जाळू देणार नाही आणि तेजाबाचं पाणी सोडू देणार नाही. चांदी गेली तर पुन्हा विकत घेता येते. बझाड्यातलं पाणी नासलं तर ते विकणारा बाजार कुठंच नाही.