हवा सोडायची हिंमत

हल्ली आयटी पार्कांच्या पार्किंगमध्ये ‘फोर बाय फोर’ गाड्या बऱ्याच दिसतात. सोमवार ते शुक्रवार बिचाऱ्या ट्रॅफिकमध्ये रांगतात आणि शनिवार उजाडला की चिखल शोधत सह्याद्रीत घुसतात. मालकांची हौस तर विचारूच नका! छतावर लाइटबार, पुढे विंच, मागे जेरीकॅन. पण बॉस, ऑफ-रोडिंगमधली सगळ्यात कामाची गोष्ट टायरच्या आत असते. हवा!

फंडा सोपा आहे. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, जास्त करून लांबीला. वजन मोठ्या जागेवर वाटलं जातं आणि चाक वाळूत रुतण्याऐवजी वरून निघून जातं. रस्त्यावर ३० पीएसआय लागत असेल, तर जैसलमेरजवळच्या वाळूत १८ पर्यंत खाली यायचं. १५ च्या खाली मात्र जपून, वळताना ट्यूबलेस टायर रिमवरून सुटू शकतो.

हे माहीत असूनही बरेच जण हवा सोडतच नाहीत. कारण एकच, परत भरायची कुठे? पेट्रोल पंप कोसभर लांब. मग ॲक्सिलरेटर दाबून जोर लावायचा, चाकं आणखी खोल घालवायची आणि दोर बांधून ओढाओढ करायची. ताणलेला दोर तुटला, तर त्याचा हुक गोळीसारखा येतो. दुसरा प्रकार याहून वाईट. हवा सोडायची आणि तशीच गाडी हायवेवर पळवायची. कमी हवेच्या टायरची कड सारखी दुमडते, तापते आणि फुटते. तेव्हा प्रश्न फक्त तुमच्या जिवाचा नसतो, शेजारून जाणाऱ्या स्कूटरवरच्या कुटुंबाचाही असतो.

म्हणून मी माझ्या थारमध्ये बॉनेटखाली १२ व्होल्टचा कॉम्प्रेसर बसवून घेतला. वायरिंगवाला दादा म्हणाला, “साहेब, लायटरच्या सॉकेटवरून देतो ना, पाच मिनिटांचं काम!” मी म्हटलं, “दादा, पाच तास लागू देत.” कारण माझा कॉम्प्रेसर ३० ॲम्पियर खेचतो आणि लायटरच्या सॉकेटचा फ्यूज साधारण १० ते २० ॲम्पियरचाच असतो. फ्यूज उडाला तर नशीब. कुणी ‘जुगाड’ करून मोठा फ्यूज घातला, तर पुढची वायर जळते.

त्यामुळे थेट बॅटरीवरून ६ चौरस मिलिमीटरची वायर घेतली. ४० ॲम्पियरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर लावला, कारण फ्यूजच्या आधीच्या वायरला कुणी वाली नसतो. मध्ये रिले टाकला, म्हणजे डॅशबोर्डवरच्या बटणातून नावापुरताच करंट जातो. कॉम्प्रेसर एक्झॉस्टपासून लांब आणि जमेल तितका उंच बसवला, पाण्यातून जाताना त्याने पाणी ओढायला नको. बाहेर पडणारी हवा गरम असते, म्हणून प्लॅस्टिकची नळी न वापरता जाळीदार होज घेतला. शेवटी पंक्चरवाल्याची युक्ती! प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी. बुडबुडा दिसला की जोड पुन्हा घट्ट करायचा.

विकत घेताना ‘ड्यूटी सायकल’ नक्की विचारा. ३३ टक्के म्हणजे १० मिनिटं काम आणि २० मिनिटं आराम. चार टायर भरेपर्यंत संध्याकाळ! आणि हवा भरताना इंजिन सुरू ठेवा, नाहीतर टायर टुमटुमीत आणि बॅटरी गार.

मित्र विचारतात, एवढा खटाटोप हवा भरायला? नाही रे बाबा, हवा सोडायला! परत भरायची सोय गाडीतच असली, की १८ वर यायला हात कचरत नाही आणि डांबरी लागताच पाच मिनिटं थांबायचा कंटाळाही येत नाही. लाइटबार काय, पुढच्या बोनसला घेऊ!