चंगाई मांडवात की माजघरात?

आमच्या मराठी ख्रिस्ती समाजात अलीकडे ‘चंगाई’ या शब्दाला फार भाव आला आहे. चंगाई म्हणजे दुखणे बरे होणे. मैदानावर मांडव पडतो, कर्णे लागतात, पांगळ्याने कुबडी टाकल्याची चित्रे भिंतींवर झळकतात. आणि ज्यांना मैदान गाठवत नाही त्यांच्यासाठी मोबाइलच्या पडद्यावर प्रार्थना चालते. या साऱ्याला माझा विरोध आहे, आणि तो एका ख्रिस्ती माणसाचा विरोध आहे. प्रार्थनेवर माझी श्रद्धा आहे म्हणूनच तिचा बाजार मला पाहवत नाही. ख्रिस्ताने शिकवलेल्या चंगाईची जागा घर ही होय, आणि घरात ती आणायला मांडवात जाण्याहून पुष्कळ अधिक कष्ट पडतात, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम शास्त्रच पाहू. कारण मांडववालेही शास्त्राचाच हवाला देतात. मार्काच्या शुभवर्तमानात पेत्राची सासू तापाने पडली होती ती घरातच बरी झाली, आणि उठून लागलीच आल्यागेल्याची सेवा करू लागली. याइराची बारा वर्षांची मुलगी उठली तीही घरात. तेथे ख्रिस्ताने आक्रोश करणाऱ्या गर्दीला बाहेर घालवले, मुलीचे आईबाप व तीन शिष्य एवढेच आत घेतले, झाली गोष्ट कोणाला कळू देऊ नका असे बजावले आणि पोरीला काही खायला द्या म्हणून सांगितले. जाहिरात तर दूरच, पण पोरीच्या भुकेची काळजी केवढी! गरसेकरांच्या मुलखातला भूतग्रस्त शुद्धीवर आल्यावर ख्रिस्ताबरोबर येण्यासाठी विनवू लागला. त्याला ख्रिस्ताने घरी, आपल्या माणसांकडे परत पाठवले. आजच्या सभेत असा मनुष्य सापडता तर त्याला गावोगावच्या व्यासपीठांवर उभे केले असते!

यावर कोणी म्हणेल, ‘ख्रिस्ताने चारचौघांत रोगी बरे केले नाहीत काय?’ केले, पण गर्दी जमावी म्हणून कधीच केले नाहीत. पुढे त्याच्या शिष्यांचा संप्रदाय वाढला तोही घराघरांतून. प्रिस्किल्ला-अक्विल्ला या नवराबायकोच्या घरी, फिलेमोनाच्या घरी मंडळी जमत असे. याकोबाच्या पत्रात दुखणाईताने मंडळीच्या वडीलजनांना बोलावून घ्यावे, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. म्हणजे चालायचे ते वडीलजनांनी. दुखणाईताने अंथरूण-पांघरूण घेऊन मैदान गाठायचे नाही. त्याला लागूनच आपली पापे एकमेकांजवळ कबूल करण्याचाही उपदेश आहे. ती मात्रा फार कडू आहे. हजारोंच्या मेळ्यात डोळे मिटून रडणे सोपे. बांधाच्या भांडणावरून चार वर्षे अबोला धरलेल्या भावाच्या दारी जाऊन ‘माझे चुकले’ म्हणणे कठीण.

मांडवाचा खरा अपराध याहून मोठा आहे. रोगी बरा झाला तर श्रेय उपदेशकाचे. न झाला तर दोष कोणाचा? ‘तुमचा विश्वास कमी पडला,’ असे त्या आईला सांगितले जाते. लेकरू गेल्याच्या दुःखावर पापाचा डाग! असे बोलणाऱ्यांनी पौलाची पत्रे नीट वाचली आहेत काय? पौलाच्या देहात सलणारा काटा तीनदा प्रार्थना करूनही निघाला नाही. त्याने आपला सोबती त्रफिम याला मिलेतात आजारी ठेवले, आणि तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घेण्यास सांगितले. त्याचा प्रिय लूक तर वैद्य होता. पौलाचा विश्वास कमी पडला असे म्हणण्याची कोणाची छाती आहे?

क्षयाच्या रोग्याला साधारणपणे सहा महिने न चुकता औषध घ्यावे लागते. ‘देवाने बरे केले’ म्हणून मध्येच गोळ्या सोडल्या तर जंतू त्या औषधांना दाद देईनासे होतात, आणि मग घरातल्या इतरांच्याही जिवाशी गाठ पडते. डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशनचे इस्पितळ उघडले ते प्रार्थना सोडून नव्हे. त्यांच्या लेखी शस्त्रक्रियाही प्रभूचेच काम होते. जादुई उपायांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे, महाराष्ट्रात २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही आहे. कायद्याचे काम कायदा करील. माझे भांडण माझ्या घरच्यांशी आहे.

मग घरातली चंगाई असते तरी कशी? मराठी वाचकाला ती ‘स्मृतिचित्रे’मुळे परकी नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे दूर राहिल्या. पुढे पतीकडे परतल्या त्या आपला धर्म आणि आपले सोवळे सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. १९०० साली लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाचा कौल घेऊन. टिळकांचा तापटपणा त्यांनी पुस्तकात झाकून ठेवलेला नाही. देवमाणसांचे हे घर नव्हतेच; पण तेथे एक मोठी जखम वर्षानुवर्षांच्या सोसण्याने, थट्टेने आणि मायेने भरून आली.

‘घर म्हणता, पण जखमा घरातच होतात त्याचे काय?’ हा आक्षेप मला खरा वाटतो. नवरा पिऊन मारतो आणि पाळक बायकोला ‘क्षमा कर, प्रार्थना कर’ म्हणून माघारी धाडतो, याला मी चंगाई म्हणणार नाही. क्षमा म्हणजे मार खाणे नव्हे. तेथे आधी मारणारा हात थांबला पाहिजे, आणि त्यासाठी २००५ च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्याचा आधार घेणाऱ्या बाईचा विश्वास तिळभरही कमी ठरत नाही.

वाचकहो, मांडव सर्वच धर्मांत पडतात. म्हणून हे गाऱ्हाणे दिवाळीच्या दिवसांत, सर्वांच्या घरी जाणाऱ्या अंकात मांडले. माझ्या ख्रिस्ती बांधवांना मात्र एक विनंती आहे. पुढच्या सभेच्या गाडीभाड्याचे पैसे बाजूला ठेवा. त्यांतून घरच्या म्हाताऱ्याचे राहिलेले औषध आणा, रात्री त्याच्या उशाशी बसून त्याचे म्हणणे ऐका, आणि ज्याच्याशी बोलणे तुटले आहे त्याला जेवायला बोलवा. एवढे करून वेळ उरला तर खुशाल मांडवात जा.